टी-८०, ट्रान्सप्युटर आणि तासगावचा पाऊस

येरळाकाठ :
बेदाणा शेडवर टाकला की पुढचे बारा-पंधरा दिवस आमच्याकडे हवामान हा थट्टेचा विषय राहत नाही. नेमक्या त्याच दिवसांत गावच्या ग्रुपवर एक मेसेज आला : 'अमेरिकेने भारताला सुपरकॉम्प्युटर नाकारला, म्हणून पुण्यात परम तयार झाला आणि त्यावर आपण हवामानाचे अंदाज काढू लागलो.' त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'मग नव्वदीत आमच्या बागा अवकाळीनं का झोपल्या?' पुढे राजकारण सुरू झालं आणि अ‍ॅडमिननं ग्रुपला कुलूप लावलं.

मला राजकारणात शिरायचं नाही. त्या काळी हवामानासाठी नक्की कोणती यंत्रं होती? अनेक छोटे कॉम्प्युटर जोडून एक मोठा करतात म्हणजे काय करतात? आणि त्यातून तासगावपर्यंत काही पोचत होतं का? इथं पुण्या-बेंगळुरात काम केलेली जुनी मंडळी आहेत, म्हणून धागा काढतोय. लिंका नकोत, समजावून सांगा.

नाद_खुळा :
पॉपकॉर्न नको, बेदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

मिरज_जंक्शन :
मेसेजला मीठमसाला बराच लागलाय, पण मुळात काहीतरी आहे.

क्रे हा अमेरिकन सुपरकॉम्प्युटर नाकारला हेही खरं आणि क्रे आला हेही खरं. आपल्याला हवं होतं क्रे एक्स-एमपी/२४. त्यातला पहिला अंक प्रोसेसरांचा, दुसरा मेमरीचा. म्हणजे दोन प्रोसेसर आणि चाळीस लाख शब्दांची मेमरी. लांबलचक घासाघीस होऊन मिळालं एक्स-एमपी/१४. मेमरी तेवढीच, पण प्रोसेसर एक. शिवाय हवामानाखेरीज दुसऱ्या कामाला लावायचं नाही अशा अटी. अणुचाचण्या आणि क्षेपणास्त्रांची गणितं त्यावर होतील ही त्यांची धास्ती. ते यंत्र १९८८-८९ च्या सुमारास दिल्लीत लोधी रोडवरच्या मौसम भवनात बसलं. त्यासाठी राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र ही वेगळी संस्था १९८८ मध्ये काढली. १९८७ चा दुष्काळ ताजा होता, हे विसरू नका. तर रोजचा अंदाज निघायचा तो या क्रेवर. परमवर नाही.

परमची गोष्ट समांतर चालली होती. १९८८ मध्ये देशी सुपरकॉम्प्युटर बनवायला सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली, विजय भटकर प्रमुख, पुणे विद्यापीठाच्या आवारात काम. तीन वर्षं, तीस कोटी रुपये आणि सेकंदाला एक अब्ज गणितं करू शकणारं यंत्र, हे उद्दिष्ट. १९९१ मध्ये परम ८००० आला. त्यात क्रेसारखा एक महागडा प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिपा ओळीनं जोडलेल्या होत्या. प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र. एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही, हवं ते निरोप पाठवून मागायचं. क्रेचा एक प्रोसेसर सेकंदाला वीसेक कोटी गणितं करायचा, ट्रान्सप्युटर पंधरा-वीस लाख. म्हणून शेकड्यानं जोडायचे. परमचा एक संच तर पहिल्याच वर्षी मॉस्कोला गेला होता.

बेंगळुरी_सांगलीकर :
काका, परमचं ठीक, पण त्याच्याही आधीचं राहिलं. महाराष्ट्राबाहेरचं म्हणून आपल्याकडे कुणी सांगत नाही.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत, म्हणजे एनएएलमध्ये, १९८६ साली फ्लोसॉल्व्हर तयार झाला. संचालक होते रोद्दम नरसिंह आणि यंत्राच्या मागे यू. एन. सिन्हा. पहिल्या फ्लोसॉल्व्हरमध्ये इंटेलचे चार ८०८६ प्रोसेसर, जोडीला गणितासाठी ८०८७. आपल्या पीसीत असायचे तेच. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते हे सोडवायला केलेलं यंत्र, म्हणून ते नाव. पण पंखावरची हवा काय आणि अरबी समुद्रावरची काय, समीकरणं एकाच घराण्यातली. तिसऱ्या पिढीत इंटेलचे आय-८६० प्रोसेसर आले आणि दिल्लीच्या क्रेवर चालणारा टी-८० हा हवामानाचा प्रोग्रॅम फ्लोसॉल्व्हरवर समांतर चालवून दाखवला गेला. हे नव्वदीच्या पूर्वार्धातलं. पुढं एनएएलनं स्वतःचं 'वर्षा' हे मॉडेलही केलं. त्यामुळे 'देशी समांतर यंत्रावर हवामान' या गोष्टीतला पहिला मान मी तरी फ्लोसॉल्व्हरला देतो. परमप्रेमींनी शिव्या घालाव्यात.

मिरज_जंक्शन :
शिव्या कशाला, योग्यच आहे. पण परमनं जी माणसं तयार केली ती संख्या मोठी. मीही नव्वदीत पुण्यात ट्रान्सप्युटरवर थोडंफार शिकलो ते त्या लाटेतच.

येरळाकाठ :
दोघांचेही आभार. आता तो जोडण्याचा भाग सांगा. शंभर चिपा शेजारी ठेवल्या म्हणून काम शंभरपट वेगात होईल असं वाटत नाही. शंभर मजूर लावले म्हणून छाटणी एका तासात उरकत नाही.

मिरज_जंक्शन :
बरोबर जागी बोट ठेवलंत.

असं धरा की सांगली जिल्ह्याचं हवामान काढायचं आहे आणि दहा कॉम्प्युटर आहेत. एकेकाला एक तालुका. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. तालुक्याच्या नकाशावर ठरावीक अंतरानं ठिपके मारायचे. प्रत्येकाकडे आपल्या तालुक्यातल्या ठिपक्यांचं तापमान, दाब, वारा, बाष्प. दहा मिनिटांनी काय होईल, हे गणित प्रत्येकानं आपापल्या ठिपक्यांपुरतं करायचं. तालुक्याच्या मधल्या ठिपक्यांना काही अडचण नाही, शेजारी घरचेच. पण हद्दीवरच्या ठिपक्याला पलीकडे काय चाललंय ते कळायला हवं, कारण वारा तिकडूनच येतोय. म्हणून दर पायरीला तासगावनं आपल्या कडेचे आकडे पलूसला द्यायचे, पलूसनं तासगावला, असं सगळ्यांनी. मग पुढची दहा मिनिटं. दहा दिवसांच्या अंदाजाला अशा चौदाशे चाळीस पायऱ्या.

इथं पहिली गोम. तालुके लहान करत गेलात, गावाला एक कॉम्प्युटर दिला, की आतली जागा कमी आणि हद्दच जास्त. काम कमी, पत्रव्यवहार उदंड. त्या काळात चिपेचं गणित वेगवान आणि तारा मंद, त्यामुळे यंत्राचा निम्मा वेळ निरोपांची वाट पाहण्यातच जायचा.

दुसरी गोम अ‍ॅमडालच्या नियमाची. एकूण कामातला पाच टक्के भाग वाटताच येत नसेल, एकानंच करायचा असेल, तर हजार कॉम्प्युटर लावा नाहीतर लाख, वेग वीसपटीच्या पुढे जात नाही. हे फार लोकांना पटत नाही, कागदावर करून बघा.

आणि तिसरी आम्हाला छळणारी. ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चारच दुवे असायचे. त्याची प्रोग्रॅमिंगची भाषा ऑकॅम. ऑकॅममध्ये देणारा आणि घेणारा दोघंही तयार असल्याशिवाय निरोप हलत नाही. दोघांनी एकाच वेळी 'देतो' म्हटलं की दोघंही उभेच्या उभे. एरर नाही, आवाज नाही, काही नाही. रात्री काम लावून जायचं आणि सकाळी बघावं तर पहिल्याच पायरीवर अडकलेलं. उपाय साधा होता : सम क्रमांकाच्यांनी आधी द्यायचं, विषमांनी आधी घ्यायचं. पण ऐन वेळी सुचेल तर ना.

जतवाला :
म्हणजे जतच्या कॉम्प्युटरला कामच नाही म्हणा की. आमच्याकडं पाऊस कुठाय गणित करायला? बसलाय निवांत विडी ओढत.

मिरज_जंक्शन :
हसू नका, हा खरा प्रश्न आहे. शिराळ्यात चांदोलीकडं धो-धो पाऊस, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरला ढगांची, थेंबांची, बाष्पातून सुटणाऱ्या उष्णतेची सगळी गणितं. जतवर निरभ्र, त्याचं काम लवकर उरकतं. पण पुढची पायरी सगळ्यांनी एकदमच चढायची, त्यामुळे जत शिराळ्याची वाट बघत बसतो. पृथ्वीभर हेच. मान्सूनच्या पट्ट्यातला प्रोसेसर घाम गाळतो आणि ध्रुवाकडचा मोकळा. काम सारखं वाटणं म्हणजे क्षेत्रफळ सारखं वाटणं नव्हे.

बेंगळुरी_सांगलीकर :
एक पुरवणी. काकांनी सांगितलेली वाटणी समजायला उत्तम, पण टी-८० तसा चौकोन कापून चालत नाही. तो वातावरणाचं चित्र लाटांच्या बेरजेत मांडतो आणि प्रत्येक लाट अख्ख्या पृथ्वीभर पसरलेली. त्यामुळे वाटणी अक्षांशांच्या पट्ट्यांनी केली जाते. टी-८० मध्ये १२८ अक्षांश आणि प्रत्येकावर २५६ ठिपके, उंचीचे १८ थर. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे सारखे अक्षांश जोडीनं एकाच प्रोसेसरला दिले की काही गणित दोघांना मिळून एकदाच करावं लागतं. पण लाटेचा आकडा काढायला सगळ्या अक्षांशांची बेरीज लागते, म्हणजे नुसत्या शेजाऱ्याशी बोलून भागत नाही, सगळ्यांना सगळ्यांशी बोलावं लागतं. पुढच्या फ्लोसॉल्व्हरांमध्ये म्हणूनच असा स्विच केला की तो निरोप नुसता पोचवत नाही, वाटेतच बेरीजही करून टाकतो. मला त्या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. हवामानाच्या गणिताची नड ओळखून तारांमध्येच बदल केला.

सौ_विश्रामबाग :
वाचते आहे, फार छान चाललंय. तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. ही वाटणी कॉम्प्युटरच्या आधीची आहे!

लुइस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज. क्वेकर पंथाचा, लढणार नाही म्हणून पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेच्या तुकडीत गेला. तिथं फावल्या वेळात तो हातानं हवामानाचं गणित सोडवत होता. २० मे १९१० चं युरोपातलं हवामान घेऊन पुढच्या सहा तासांत दाब किती बदलेल ते. उत्तर आलं १४५ मिलिबारची वाढ. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. १४५ मिलिबार म्हणजे काय, तर भीषण चक्रीवादळातसुद्धा एवढा फरक सहा तासांत पडत नाही. मधल्या काळात हस्तलिखित युद्धात हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. मी हे सांगितलं की वर्गात मागच्या बाकावरचीही जागी व्हायची.

१९२२ मध्ये त्यानं पुस्तक छापलं, चुकलेल्या उत्तरासकट. (हे मला फार मोठं वाटतं, आजकाल जमलेलंच छापतात.) त्यात एक कल्पना आहे : गोल नाट्यगृहासारखी प्रचंड इमारत, भिंतींवर जगाचा नकाशा, आणि ६४,००० माणसं आपापल्या तुकड्याचं गणित करून शेजाऱ्याला आकडे दाखवताहेत. मधल्या खांबावर एक प्रमुख उभा. जो भाग पुढं पळाला त्याच्यावर तो गुलाबी प्रकाशझोत टाकतो आणि जो मागं पडला त्याच्यावर निळा. मिरजकाका, तुमचे जत आणि शिराळा!

मिरज_जंक्शन :
ताई, वा! गुलाबी जतवर, निळा शिराळ्यावर.

जोडून सांगतो, १४५ चं कोडं पुढं सुटलं. पद्धत चुकली नव्हती. सुरुवातीच्या आकड्यांतले दाब आणि वारे एकमेकांशी मेळ खात नव्हते, त्यामुळे गणितात खोट्या वेगवान लाटा उठल्या. आज कुठलंही मॉडेल सुरू करण्याआधी हा मेळ घालणं हे स्वतंत्र, मोठं काम असतं. १९५० मध्ये अमेरिकेत चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी पहिल्या पिढीतल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर, म्हणजे एनिअ‍ॅकवर अंदाज काढला तो समीकरणं सोपी करून, त्या वेगवान लाटा बाजूला ठेवून. ठिपक्यांत अंतर ७३६ किलोमीटर. सांगलीहून नागपूरही त्याहून जवळ आहे. चोवीस तासांचा अंदाज काढायला चोवीस तासांच्या आसपास लागायचे.

नाद_खुळा :
म्हणजे उद्याचा अंदाज उद्याच कळणार. आमच्या एका चुलत्यांचंही असंच असतंय.

येरळाकाठ :
हे सगळं भारी आहे, पण माझा तिसरा प्रश्न तसाच लटकलाय. तासगाव?

कोयनानगर :
पाटबंधाऱ्यातून निवृत्त, सातारकर. यंत्रातलं मला कळत नाही, क्षेत्रफळातलं कळतं. वर २५६ आणि १२८ असे आकडे आलेत ते घेऊन बसलो.

३६० अंश भागिले २५६, म्हणजे एक ठिपका साधारण १.४ अंशांचा. आपल्या अक्षांशावर दीडशे किलोमीटर गुणिले दीडशेच्या थोडं वर, म्हणजे सुमारे २३,००० चौरस किलोमीटर. सातारा जिल्हा १०,४८०. सांगली ८,५७२. बेरीज १९,०५२. म्हणजे दोन्ही जिल्हे मिळून एक ठिपका, आणि वर कोल्हापूरचा निम्मा अजून मावतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आटपाडी-जतला पाचशेच्या आसपास, आणि त्या यंत्राच्या लेखी हे एकच गाव.

कोयनेचं पाणलोट क्षेत्र ८९१.७८ चौरस किलोमीटर. त्या एका ठिपक्यात कोयनेची पंचवीस पाणलोटं बसतील. आम्ही पावसाळ्यात कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचे आकडे तासातासाला घ्यायचो, कारण नवजाला कोसळत असताना महाबळेश्वरला उघडीप असायची. दिल्लीच्या अंदाजात हे दिसणं शक्यच नव्हतं. हे मला आज कळलं. तेव्हा आम्ही त्यांनाच नावं ठेवायचो.

बेंगळुरी_सांगलीकर :
अप्रतिम हिशोब. खरं तर त्याहून वाईट. एक लाट दाखवायला बरेच ठिपके लागतात, त्यामुळे टी-८० ला खरोखर 'दिसणारी' गोष्ट कित्येक ठिपक्यांएवढी मोठी. आणि सह्याद्री त्यात घाट म्हणून नसतोच, रुंद, बुटकी, पसरट उंचवट्याची जमीन असते. जो कडा ढगाला वर ढकलतो तोच गायब.

जतवाला :
मग एवढा क्रे आणि परम करून काय साधलं? सरकारी पैशाची उधळपट्टीच झाली की.

मिरज_जंक्शन :
नाही, हे पटत नाही. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय, तो चार दिवसांत विदर्भाकडून पश्चिमेला सरकेल का, मान्सून खंड घेणार की जोर धरणार, हे हजार किलोमीटरच्या मापाचे प्रश्न. त्यांना टी-८० पुरेसा होता, आणि त्याआधी आपल्याकडे चार-पाच दिवस पुढचं असं सांगायला रोज चालणारं काही नव्हतं. चक्रीवादळासाठी किनारा रिकामा करायला तालुका कळावा लागत नाही. तासगावसाठी ते यंत्र केलेलंच नव्हतं. दोष द्यायचाच तर जिल्ह्याजिल्ह्याचा अंदाज म्हणून तो वाचून दाखवणाऱ्यांना द्या.

शिवाय बारीक ठिपक्याची किंमत बघा. अंतर निम्मं केलं की ठिपके चौपट, आणि वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणून काम आठपट. दीडशे किलोमीटरवरून सहावर यायचं म्हणजे पंचवीसपट बारीक : २५ गुणिले २५ गुणिले २५, पंधरा हजारांच्या वर. उंचीचे थर वाढवले तर ते वेगळं. एका प्रोसेसरनं हे होणं शक्य नव्हतं. म्हणून नव्वदीतल्या त्या लटपटत्या जोडयंत्रांचं महत्त्व. क्रेचा एकटा प्रोसेसर पुढं कुणाच्याच कामाला राहिला नाही. १९९० च्या दशकात युरोपचं मध्यम पल्ल्याचं केंद्र, ब्रिटनचं हवामान खातं, अमेरिका, सगळे एकेक करून स्वतंत्र मेमरीच्या, निरोपांवर चालणाऱ्या यंत्रांकडेच गेले. आज पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, 'अर्क' आहे, ११.७७ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी गणितं), २०२४ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या आधीचं २०१८ चं 'प्रत्युष'. सगळी त्याच कुळीची. ठिपके लहान झाले, हद्दीवरचा पत्रव्यवहार तोच.

कोयनानगर :
आता किती बारीक आहे?

बेंगळुरी_सांगलीकर :
मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, आयआयटीएमनं केलेली. सहा किलोमीटर. म्हणजे ३६ चौरस किलोमीटरचा ठिपका. तुमच्या ८९१.७८ ला ३६ नं भागा.

कोयनानगर :
पंचवीस! आधी एका ठिपक्यात पंचवीस कोयना, आता एका कोयनेत पंचवीस ठिपके. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा लोक आम्हाला विचारत होते, 'आधी कळत नाही का?' पाऊस कळणं, धरणात किती येणार ते कळणं आणि दार किती उचलायचं ते ठरवणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पण पहिली तरी आता पाणलोटाच्या मापात मागता येईल.

सौ_विश्रामबाग :
महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांची प्रयोगशाळा आहे, २०१२ पासून. थेंबांचे आकार मोजतात तिथं. मांढरदेवच्या डोंगरावर रडारही आहे. बारीक ठिपका आला तरी ढगाच्या आत काय चाललंय ते मोजल्याशिवाय समीकरणात काय घालणार? हे काम सातारा जिल्ह्यात होतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

येरळाकाठ :
सहा किलोमीटर म्हणजे तासगाव आणि मणेराजुरी वेगळे पडतील. मग गारपीट कळेल?

मिरज_जंक्शन :
गारेचा ढग दोन-चार किलोमीटरचा असतो आणि तासाभरात उठून संपतो. सहा किलोमीटरला तो दिसायचा नाही. त्या दिवशी गारांसारखी परिस्थिती आहे एवढं कळेल, कुठल्या शिवारात ते नाही. त्यासाठी रडार आणि तास-दोन तास आधीची सूचना. विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप वापरता ना, त्या जातीचं.

तुमच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. एकच अंदाज काढण्याऐवजी सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तोच प्रोग्रॅम अनेकदा चालवतात. २०१८ पासून आपल्याकडे बारा किलोमीटरवर असे २१ अंदाज एकदम निघतात. गंमत म्हणजे जोडयंत्राला याहून सोपं काम नाही, कारण एका अंदाजाला दुसऱ्याशी बोलावंच लागत नाही. अ‍ॅमडालसाहेब इथं गप्प. २१ पैकी १५ मध्ये पाऊस असेल तर बेदाणा झाका, तिघांत असेल तर तुमचं धैर्य.

जतवाला :
म्हणजे शेवटी मटकाच.

येरळाकाठ :
मटक्यात आकडा काय येणार ते कुणी सांगत नाही, जतवाले. शेडला ताडपत्री ओढायला माणसं लागतात, त्यांची हजेरी द्यावी लागते, आणि ओढली की हवा कोंडून माल काळा पडायची भीती. 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' यावर मी काहीच ठरवू शकत नाही. २१ पैकी १५ यावर ठरवू शकतो. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या फवारणीचंही तेच. काका, हे २१ वेगवेगळे आकडे तालुक्याच्या मापात कुठं बघायला मिळतात का? की आम्हाला सरासरी काढूनच देतात?

मिरज_जंक्शन :
पावसाच्या शक्यतेचे नकाशे हवामान खात्याच्या साइटवर असतात, पण देशाच्या नकाशावर रंग भरलेले. तासगाव त्यात शोधायला भिंग लागेल. तालुक्याचं म्हणून सोपं करून कुणी द्यायला हवं. बेंगळुरीकर, तुम्ही पायथॉन लिहिता ना? नकाशामागचे आकडे मिळाले तर दहा तालुक्यांचं पान करायला फार काम नाही.

बेंगळुरी_सांगलीकर :
रविवारी बसतो. येरळाकाठ, शेडची ठिकाणं अंदाजे अक्षांश-रेखांशात व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जतवाले, तुमचंही टाका, निवांत आहात म्हणून.